आधी युरोप, मग झरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या झरी जामणीत मोबाइलची रेंज येते-जाते, पण इस्लामीकरणाने युरोप बुडाल्याची बातमी पहाटे पाचला बिनचूक येते. पाठवणारे आमचे भाऊ. तालुक्यातले जागृत नागरिक. इतके जागृत, की झोपतच नाहीत.

त्यांच्या आग्रहाखातर मी युरोपचा अभ्यास केला. स्वित्झर्लंडने 2009 साली सार्वमत घेऊन मिनार बांधायला बंदी घातली. साडेसत्तावन्न टक्के मतं बंदीच्या बाजूने पडली. तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते चार! जर्मनीत ड्रेस्डेनला 2014च्या ऑक्टोबरपासून ‘पेगिडा’वाले दर सोमवारी इस्लामीकरणाविरुद्ध रस्त्यावर उतरू लागले. त्या सॅक्सनी प्रांतात मुसलमान शंभरात एकही भरत नव्हता. नेदरलँड्समध्ये खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाचे माजी खासदार योराम व्हान क्लावेरन इस्लामविरोधी पुस्तक लिहायला बसले आणि लिहिता लिहिता स्वतःच मुसलमान झाले.

हे ऐकून भाऊ म्हणाले, “म्हणूनच म्हणतो, वाचत नोका जाऊ.”

आपलं राज्यही मागे नाही. ‘लव्ह जिहाद’विरोधात 2022-23मध्ये शहरोशहरी सकल हिंदू समाजाचे मोर्चे निघाले. डिसेंबर 2022मध्ये सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर नजर ठेवायला समिती नेमली. ओरड झाली तेव्हा ‘आंतरजातीय’ गळालं, ‘आंतरधर्मीय’ टिकलं. पुढच्या मार्चमध्ये मंत्री मंगलप्रभात लोढांनी ‘लव्ह जिहाद’च्या प्रकरणांचा आकडा लाखावर नेला. मग 14 फेब्रुवारी 2025 रोजी, नेमका व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त साधून, कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली.

मलाही चेव चढला. म्हटलं, “भाऊ, लेकीबाळींसाठी एक मोर्चा आपल्या झरीतही काढू. इथल्या कुमारी मातांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या पोरी. लग्नाचं आमिष दाखवलं, पोटुशी केलं आणि पसार झाले. लेकराला शाळेत घालायला नेलं, की बापाच्या नावाच्या रकान्यापाशी मास्तरचा पेन थांबतो.”

भाऊंचे डोळे चमकले. “फसवणारा कोन?”

“कोणी ठेकेदार, कोणी व्यापारी, कोणी बाहेरून कामाला आलेला.”

“तसं नाही हो. धर्म कोनता?”

“धर्माचा काय संबंध? ज्याच्या खिशात पैसा आणि गावात वट, तो.”

भाऊंचा चेहरा पडला. खिशात गेलेला हात बॅनरचे पैसे न काढताच बाहेर आला. “मंग तो सामाजिक प्रश्न झाला. त्याले मोर्चा नाही लागत. महिला व बालविकास खात्याकडे अर्ज करा.”

अर्ज लिहायला घेतला आहे. भाऊंना एवढंच सांगायचं राहिलं, की लग्नांवर नजर ठेवणाऱ्या त्या पहिल्या समितीचा जीआरही याच खात्यातून निघाला होता. म्हणजे खात्याला वेळ आहे, कागद आहे, शिक्का आहे. फक्त आमच्या पोरींना फसवणाऱ्यांनी धर्म तेवढा चुकीचा निवडला.