दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा

जावई: बाबा, दाराला टेकू नका, वॉर्निश ओलं आहे. आणि याला नुसतं डबा नाही म्हणायचं. बी-एस-के.

सासरे: म्हणजे?

जावई: ब्रेक, सेकंड, कॉरिडॉर.

सासरे: कॉरिडॉर ‘सी’ने लिहितात. खुद्द इंग्लंडात इंग्रजी कच्चं?

जावई: ‘सी’ कंपोझिटने आधीच अडवलाय. पहिला आणि दुसरा वर्ग एकाच डब्यात असला की तो कंपोझिट. म्हणून कॉरिडॉरला ‘के’.

सासरे: आणि ब्रेक? बाकीच्या डब्यांना नसतात?

जावई: असतात हो! पण इथे गार्ड बसतो. हाताने फिरवायचा ब्रेक त्याच्याजवळ, सामानही इथेच. उरलेल्या भागात प्रवाशांचे चार कप्पे.

सासरे: आणि पलीकडचा तो टी-एस-ओ?

जावई: टूरिस्ट सेकंड ओपन. कप्पे नाहीत, सगळा मोकळा. नुसत्या एस-ओमध्ये वाटेच्या एका बाजूला दोन माणसं, दुसऱ्या बाजूला एक, जागा ४८. टी-एस-ओमध्ये दोन्हीकडे दोन-दोन, ६४.

सासरे: टूरिस्ट म्हटला की कोंबा. हे न सांगता कळलं असतं.

जावई: गंमत म्हणजे हा आमचा डबा १९५४चा. तेव्हा तो बी-टी-के होता. ब्रेक थर्ड.

सासरे: मग तेव्हाचा सेकंड कुठे गेला?

जावई: तो १८७५ सालीच जायला लागला. मिडलंड रेल्वेने दुसरा वर्ग रद्द केला, तिसऱ्याचे जुने डबे मोडीत काढले आणि तिसऱ्याच्या प्रवाशांना दुसऱ्याच्या डब्यांत बसवलं. हळूहळू बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. पहिला आणि तिसरा, मध्ये कोणी नाही.

सासरे: म्हणजे डबा दुसऱ्याचा, पाटी तिसऱ्याची. पदावनती! कसूर काय होती बिचाऱ्याची?

जावई: पदावनती कसली? गरिबाला गादी मिळाली! १८४४ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला होता, की दिवसाला एक तरी गाडी मैलाला एक पेनी दराने सोडा आणि तिच्या डब्यांना छप्पर घाला.

सासरे: गरिबाचं बरं झालं, मला आनंद आहे. मी गादीबद्दल विचारतोय. तिचं पुढे काय झालं?

जावई: ३ जून १९५६ला तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणायला लागले.

सासरे: मूळ पदावर पुनर्स्थापना! ८१ वर्षांनी का होईना, निकाल लागला. थकबाकी मिळाली?

जावई: बाबा.

सासरे: निदान स्प्रिंगा तरी बदलल्या?

जावई: नाव बदललं फक्त. आणि १९८७मध्ये सेकंडचं स्टँडर्ड केलं.

सासरे: वा! आकडाच काढून घेतला. आता सेवाज्येष्ठतेत आपण कितवे, हे विचारायचीही सोय नाही. आमच्या खात्यात एका परिपत्रकाने अख्ख्या ओळीची पदनामं बदलली होती, खुर्च्या त्याच डुगडुगणाऱ्या. आणि आपल्याकडे १९७४ला तिसरा वर्ग गेला, तेव्हा बाक काय मऊ झाले?

जावई: तुम्हाला थट्टाच सुचते. इथली माणसं रविवार खर्ची घालून, पदरचे पैसे घालून हे डबे जपतात.

सासरे: जपू देत की. तुमच्या न्हाणीघराचं दार मात्र खांद्याने ढकलावं लागतं. ते कुठल्या वर्गात मोडतं?

जावई: हे तिने सांगितलं तुम्हाला?

सासरे: तिने कशाला? रोज सकाळी मला ऐकू येतं. तिचा खांदा आणि दार, दोन्ही.

जावई: दोन्ही गोष्टी सारख्या आहेत का? त्या दाराला इतिहास आहे काही?

सासरे: होईल. तुमच्या हातात आहे म्हटल्यावर नक्की होईल.

जावई: हे बघा, मी आठवडाभर नोकरी करतो. एक रविवार माझा असतो. त्यातही हिशेब द्यायचा असेल, तर तसं स्पष्ट सांगा.

सासरे: तिचा रविवार कुठला, तेवढं तुम्ही सांगा.

जावई: ...

सासरे: परवा तुम्ही म्हणालात, धावत्या गाडीतून शेवटचा डबा मध्येच सोडून द्यायचे. मला त्यात बसवावंसं वाटत असेल आता.

जावई: स्लिप कोच. आणि तो वाऱ्यावर नाही सोडायचे, त्यात स्वतंत्र गार्ड असायचा, तो ब्रेक लावून डबा स्टेशनात उभा करायचा. शेवटचा १० सप्टेंबर १९६०ला सुटला, बिस्टरला.

सासरे: मग काय, महिनाअखेरपर्यंत मी आहेच.