गच्चीवरचे परीक्षक

पेन्शन आणि रिकामी गच्ची एका माणसाच्या वाट्याला आली की पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत एक टोमॅटोतज्ज्ञ तयार होतो. त्याची खूण सोपी. आपण ‘टोमॅटो’ म्हणालो की तो विचारतो, ‘‘कुठला?’’

आमच्या काकांच्या प्रत्येक कुंडीत कुल्फीची काडी खोचलेली असते आणि तिच्यावर जातीचं नाव. दिल्लीचा पुसा रुबी, राहुरीचा भाग्यश्री, बंगळूरचा अर्का रक्षक आणि मधोमध, मानाच्या जागी, अमेरिकेचा चेरोकी पर्पल. अर्का रक्षक बोकड्या, मर आणि करपा या तिन्ही रोगांना पुरून उरतो. काका त्याच्याविषयी आदराने बोलतात, प्रेमाने नाही. ‘‘तब्येतीला उत्तम आहे हो, पण...’’ हे ते स्थळ नाकारल्याच्या सुरात म्हणतात. चेरोकीने अख्ख्या हंगामात मोजून तीन फळं धरली, त्यातलं एक बुडाशी काळं पडलं. पाण्याची हेळसांड झाली, कॅल्शियम फळापर्यंत पोचलं नाही, हे निदान काकांचंच. पाण्याची पाळी काकूंची होती, हेही त्यांनीच लक्षात आणून दिलं.

चवीची परीक्षा रविवारी. परीक्षक म्हणजे जिन्यात सापडेल तो. ताटलीत फोडी, प्रत्येक फोडीशेजारी तिची काडी. मीठ मागणारा तिथेच नापास. मग खिशातून ब्रिक्स मीटर निघतो. नाशिककडे द्राक्षांची गोडी बघतात तो. काचेवर रसाचा थेंब टाकून काका नळी डोळ्याला लावतात आणि उन्हाकडे तोंड करून जाहीर करतात, ‘‘साडेचार! चेरी बघा, आठ!’’ त्यानंतर व्याख्यान. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नये, गारठ्याने त्याचा वास मरतो. देठापाशी हिरवट खांदे असलेल्या फळाला हसू नये. फळ सगळीकडून एकसारखं लाल दिसावं म्हणून निवडीच्या जाती आल्या आणि गोडी घटली. त्यामागचं जनुक 2012 साली सापडलं. यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं, हीच पंचाईत. थापा असत्या तर उठून जाता आलं असतं.

तळमजल्यावरच्या आजींनी सगळ्या फोडी खाऊन ‘‘छान आहेत, टोमॅटोसारख्या लागतात’’ असा निकाल दिला. त्यांना पुन्हा बोलावणं गेलं नाही.

घरात सार करायचं झालं की काकू कोपऱ्यावरून नारायणगावचा माल अर्धा किलो आणतात. गच्चीवरच्या फळांना हात लावायचा नाही, त्यांचे गुण अजून वहीत चढायचे असतात.

वहीत हल्ली एक नवा रकाना आहे: बुलबुल. जाळी लावायला काका तयार नाहीत, कारण तो पिकलेलं फळ अचूक हेरतो. दोन्ही हंगामांत त्याने पुसा रुबीच टोचला. चेरोकीकडे फिरकलासुद्धा नाही.

‘‘पाखराला काय कळतंय चवीचं,’’ काका म्हणतात. पण रकाना खोडत नाहीत.