थांबा मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
एलिट क्लब्ज नॅशनल लीग (मुलींचा विभाग), अमेरिका

विषय : आपल्या लीगला कुर्डुवाडी जंक्शन येथे थांबा मिळणेबाबत.

महोदय,

मुलीसाठी फुटबॉलची लीग निवडणे हा अमेरिकेतील पालकांचा जोडधंदा आहे. आपली लीग २००९ साली निघाली. तेथील फुटबॉल महासंघाने २०१७ मध्ये मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकादमी काढली आणि एप्रिल २०२० मध्ये, ऐन करोनात, गुंडाळली. तिच्या जागी त्याच वर्षी गर्ल्स अकादमी उभी राहिली. खालच्या पायऱ्यांवर प्रादेशिक लीगा आहेतच. मुलीच्या बाहीवर कोणत्या लीगचा बिल्ला असावा यावर तिथे घराघरांत खल चालतो. कुर्डुवाडीतील पालक या बाबतीत सुखी आहेत. त्यांना निवडीचा त्रासच ठेवलेला नाही.

या सगळ्या धावपळीचे मूळ १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यात आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगे-मुली असा भेद करू नये, एवढेच तो सांगतो. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलचे भलेमोठे संघ पोसणाऱ्या विद्यापीठांना मग खेळाडू मुलीही दाखवणे भाग पडले. सॉकरला, म्हणजे आपल्या फुटबॉलला, माणसे पुष्कळ लागतात आणि सामान थोडे, त्यामुळे तो सोयीचा ठरला. संघ आले तशा शिष्यवृत्त्या आल्या, आणि शिष्यवृत्त्यांच्या मागोमाग पालक आले.

विद्यापीठाचा प्रशिक्षक गावोगाव हिंडू शकत नाही. म्हणून एकाच संकुलात शेजारी शेजारी दहा-बारा मैदाने आखून ‘शोकेस’ स्पर्धा भरवतात आणि प्रशिक्षक घडीच्या खुर्च्या टाकून कडेला बसतात. त्या खुर्च्या कोणत्या लीगच्या मैदानाकडे तोंड करून आहेत, यावर लीगचा भाव ठरतो. महाविद्यालयीन खेळांच्या पहिल्या श्रेणीतील प्रशिक्षकाला मुलीशी थेट बोलणी सुरू करता येतात ती तिची दहावी संपल्यावर, १५ जूनपासून. ही तारीख कुर्डुवाडीतही मोठी असते. त्या सुमारास शाळा उघडतात आणि वह्या-पुस्तकांची बिले येतात.

आता हिशेब. तिसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयांत खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पहिल्या श्रेणीत वर्षानुवर्षे एका संघामागे १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या वीस-पंचवीस मुलींत वाटल्या जात. २०२५ पासून नव्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना ही मर्यादा उरली नाही. तिच्याऐवजी संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली. दरम्यान क्लबची फी, विमाने, हॉटेले यांवर बापाने दरवर्षी हजारो डॉलर मोजलेले असतात. पुढे मिळेल न मिळेल अशी शिष्यवृत्ती तो आधीच हप्त्याहप्त्याने भरत असतो. तेथील जाणते पालक म्हणून बिल्ल्यापेक्षा वेगळ्या गोष्टी विचारतात: प्रशिक्षक टिकतो का, मुलगी प्रत्यक्ष किती मिनिटे खेळणार, सरावाला रोज किती अंतर जायचे, आणि याच संघातल्या मागच्या मुली कुठल्या महाविद्यालयात गेल्या. नावाजलेल्या लीगमध्ये बाकावर बसण्यापेक्षा साध्या लीगमध्ये पूर्ण सामना खेळणे बरे, हे त्यांनाही उशिरा का होईना कळते.

कुर्डुवाडीची व्यवस्था याहून सुटसुटीत आहे. तिचे नाव शालेय क्रीडा स्पर्धा. गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. अकरावी-बारावीची मुलगी कॉलेजात जात असली तरी शालेय गटातच खेळते. वाट माढा तालुक्यातून किंवा थेट सोलापूर जिल्ह्यातून निघते, मग पुणे विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. पंचाईत एवढीच की सामने बाद पद्धतीने होतात. मुली पहाटेच्या गाडीने सुमारे ८० किलोमीटरवरच्या सोलापूरला जातात. मुख्याध्यापकांच्या सहीचे ओळखपत्र, जन्मतारखेचा दाखला, आधारची झेरॉक्स यांची तपासणी तासभर चालते. सामना त्याहून लवकर संपतो, आणि हरला तर वर्षही. समोरचा संघ आलाच नाही तर पुढे चाल मिळते, म्हणजे जिंकूनही खेळायला मिळत नाही.

सराव गावातच होतो. मैदानाच्या एका गोलला खांब आहेत, जाळी नाही. दुसऱ्याला विटा आहेत. गोल झाला की गोलकीपरच बाभळीत शिरून चेंडू काढते, त्यामुळे तिच्या हाताला काटे जास्त आणि चेंडू कमी लागतात. टेनिस बॉल क्रिकेटचा चषक लागला की पंधरा दिवस सरावही बंद.

इथल्या पालकाला शिष्यवृत्तीची आशा नसते, प्रमाणपत्राची असते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण जास्तीत जास्त २५ मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे, २०१६ मध्ये त्याचे नियम नव्याने आले. बोगस प्रमाणपत्रे निघाल्यापासून पडताळणीही कडक झाली. त्यामुळे व्यवहारी बाप लीग निवडत नाही, खेळच बदलतो. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार झाली, क्रीडा अधिकारी झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या प्रियंका इंगळेच्या भारतीय संघाने दिल्लीत नेपाळला ७८-४० असे हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक आणला. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरसारख्या गावी खो-खोची परंपराच आहे. नऊ जणी आणि दोन खांब एवढ्यावर खेळ उभा राहतो. खेळ बदलण्याचा हा सल्ला चुकीचा म्हणवत नाही; फक्त ज्या मुलीला चेंडू लाथाडायचा आहे, तिला तो पटत नाही.

अशा मुलीसाठी मग मिरजेची गाडी, तिथून पुढे कोल्हापूर. कोल्हापुरात पेठांचा फुटबॉल आहे, कोल्हापूर सिटीचा महिला संघ इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळून गेला आहे. पण चौदा वर्षांची मुलगी नातेवाईक नसलेल्या गावी ठेवायची कुठे, या प्रश्नापाशी गाडी थांबते. कॉलेजात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. रेल्वेचाही स्वतंत्र महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो, ही बातमी जंक्शनच्या गावात कोणी सांगत नाही.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरला १७ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेच्या मुलींनी भारताला ८-० हरवले. आपल्यासारख्या लीगांत वाढलेल्या मुलींच्या पायांत त्या दिवशी शेकडो सामने होते. बिल्ल्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी हा फरक शिल्लक राहतो.

सबब, आपली पूर्ण लीग येणे शक्य नसल्यास निदान तिचे वेळापत्रक पाठवावे. कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी, बार्शी, पंढरपूर असे पाच संघ, प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा परगावी. एकूण २० सामने, प्रत्येक मुलीला ८. एसटीने सगळे होते, विमान लागत नाही. घाई नाही. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये इथून सुटली आणि नॅरोगेजचे पूर्ण ब्रॉडगेज व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागली. गावाला वाट पाहण्याचा सराव आहे.

कळावे,
एक पालक, कुर्डुवाडी

प्रत माहितीस्तव : स्टेशन मास्तर, कुर्डुवाडी जंक्शन (रुळांवर गेलेला चेंडू परत मिळणेसाठी).