गोदामाला गेट, मेलला मोकळं रान

भिवंडी तालुक्यातल्या वळ गावच्या गोदामात ट्रक सहजासहजी आत जात नाही. बिल्टी दाखवा, ई-वे बिल दाखवा, सीलचा नंबर जुळवा, ड्रायव्हरचं लायसन वहीत उतरवा. ‘शेठशी बोलणं झालंय’ असं ड्रायव्हर म्हणाला, तर वॉचमन शेठला स्वतःच्या फोनवरून विचारतो. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायची सोय म्हणून हा पट्टा फोफावला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं राहिली आणि संशय घ्यायची ही शिस्तही राहिली.

त्याच गोदामाच्या शेठला रात्री साडेअकराला एक मेल येतो. ‘आमचं बँक खातं बदललं आहे. या महिन्याचं बिल नव्या खात्यात भरावं.’ नाव ओळखीचं, लोगो ओळखीचा, इंग्रजी तर आपल्या सीएपेक्षा बरं. पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी बसवलेत, पण तेवढं बारीक बघायला शेठ काय सोनार आहेत? सकाळी रक्कम रवाना. एका खोक्यासाठी अख्खी गाडी पुन्हा मोजायला लावणारा माणूस लाखो रुपये न मोजता आत-बाहेर करतो, कारण मेलवर ‘अर्जंट’ लिहिलेलं असतं.

मध्यंतरी भारतीय डाकेच्या नावानं एक मेसेज फिरला: तुमचं पार्सल वेअरहाउसमध्ये आलं आहे, पत्ता अपुरा आहे, अठ्ठेचाळीस तासांत लिंकवर भरा. पीआयबीच्या फॅक्ट चेकनं तो बनावट असल्याचं जाहीरही केलं. इतर महाराष्ट्रानं त्या लिंकवर बोट ठेवलं, तर समजू शकतो. वळकरांना निदान खिडकीतून वाकून बघायची सोय होती. वेअरहाउस समोरच होतं.

ओळख चोरीला जाते म्हणतात. आमच्याकडे चोराला तेवढेही कष्ट देत नाहीत. वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंचा चेहरा, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि खाली शुभेच्छुकांचे मोबाइल नंबर. पासवर्ड म्हणजे गाडीचा व्हीआयपी नंबर, तो गाडीवरच लिहिलेला. आधारची झेरॉक्स सिमकार्डापासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे प्रसादासारखी वाटलेली. उरलंसुरलं भंगारात जाणाऱ्या खोक्यांच्या लेबलवर असतंच: नाव, पत्ता, फोन.

आणि ‘माझी ओळख चोरून कोणाला काय मिळणार?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्याच तालुक्याकडे बघावं. मुंबई-वडोदरा महामार्गाच्या भूसंपादनात खऱ्या जमीनमालकांच्या जागी बनावट माणसं उभी करून कोट्यवधींचा मोबदला उचलल्याचं प्रकरण भिवंडीतच पोलिसांत गेलं. जमीन जागेवर, शेतकरी जागेवर. फक्त कागदावरचा शेतकरी दुसराच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क डिजिटल ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. ठगाला हे कलम पाठ असावं. वाचायचं राहिलं ते आपलंच.

ठग कुठे तरी लांब, परराज्यात बसतो, हीही एक गोड समजूत. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथली पोरं अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी बनून अमेरिकनांना दरडावत होती. जिल्हा आपलाच. निर्यात आपण आधी केली, आता माल घरपोच परत येतोय.

उपाय विचाराल तर नवं काही शिकायला नको. गेटवरचा नियम मोबाइलला लावा. खातं बदललं म्हणणाऱ्याला फोन करायचा, पण मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. बँकेच्या मेलमधली लिंक दाबायची नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता दिलाय, तो बघायचा. आधारचे बोटांचे ठसे एमआधार ॲपमधून लॉक होतात. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं. आणि व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून कोणी ‘डिजिटल अरेस्ट’ केलं, तर फोन ठेवून जेवायला बसायचं. असली अटक कायद्यात नाही.

एवढं करूनही फसलात, तर सायबर हेल्पलाइन १९३०ला लगेच फोन. इथेच खरी गोची आहे. पैसे गेल्यावर आपला पहिला तास बायकोपासून लपवण्यात जातो, दुसरा भावकीपासून, आणि तेवढ्यात रक्कम तीन खाती ओलांडून पसार होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणजे अब्रू झाकण्यात गेलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. हळदीला एका रात्रीत डीजेवर लाखभर उडवताना गाव बघतं, त्याची लाज वाटत नाही. ठगानं वीस हजार नेले हे सांगताना मात्र मान खाली. तेव्हा दादूस, फसलात तर बॅनर लावा. जन्मतारीख तेवढी छापू नका.