कॉलवर आहे

संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या गावात एखाद्या घराच्या एकाच खोलीला एसी दिसला आणि त्या खोलीचं दार ऐन रात्रीच्या जेवणावेळी बंद असलं, की समजावं, इथे अमेरिकेची नोकरी नांदते. दार ठोठावलंत तर आई ओट्यावरून सांगेल, “कॉलवर आहे.”

ही जमात मार्च २०२० मध्ये आली. कुणी हिंजवडीहून, कुणी थेट सॅन होजेहून, पाठीला एक सॅक आणि बोली पंधरा दिवसांची. पुढे कंपनी म्हणाली, कुठूनही काम करा. ‘कुठूनही’मध्ये आपलं गाव धरलेलं नसावं अशी शंका याला आली, पण विचारून कशाला उगाच फाटे फोडा?

परदेशी सहकाऱ्यांना मात्र तो छातीठोकपणे सांगतो, मी भारताच्या वाईन कंट्रीत राहतो. खोटं काहीच नाही, भूगोल तेवढा थोडा ताणलेला. उत्तरेला नाशिक, दक्षिणेला आळेफाट्यापलीकडे नारायणगाव, वाईनची नावं दोन्हीकडे झाली. मधलं संगमनेर दूध, टोमॅटो आणि गाय छाप जर्द्यावर समाधानी आहे. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ऑरॅकलची नोकरी सोडून नाशिकला आले आणि त्यांनी सुला उभी केली, ही कथा याला तोंडपाठ. फरक एवढाच, की सामंतांनी आधी नोकरी सोडली होती.

खरं तर आमच्या पट्ट्यात मद्यार्क कमी नाही, पण तो मळीचा. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्हाभर ऊस पसरला. हंगामात ऊसपट्ट्यावर जो दरवळ तरंगतो, त्याचं रसग्रहण करणारा वाईनतज्ज्ञ अजून जन्माला यायचाय.

याच्या फ्रिजमध्ये एक बाटली असते. घर माळकऱ्याचं, त्यामुळे ती द्राक्षासव म्हणून राहते. दिवाळीला आलेल्या आत्याबाईंनी जेवणानंतर दोन चमचे, समभाग कोमट पाण्यातून, असा प्रयोग सुरू केला. पोट हलकं झालं, झोपही छान लागली. जाताना त्यांनी वैद्याचा पत्ता मागितला.

उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले की कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि इकडची मीटिंग साडेदहाला सरकते. आईला हे अजून पटलेलं नाही. “त्यांच्या घड्याळासाठी मी भाकरी का म्हणून गार करू?”

पहाटे झोपलेला माणूस दहाला उठणारच. पण ऊसतोडीच्या गाड्या उजाडायच्या आत निघतात त्या गावात हे आळशाचं लक्षण. पगाराचा आकडा ऐकून पार गप्प होतो, मग कुणीतरी विचारतंच, “ते समदं खरं, पण पोरगं कामाला जातं कधी?” घाम आणि प्रवास यांपैकी एक तरी दिसल्याशिवाय आमच्याकडे नोकरी सिद्ध होत नाही. त्यामुळे ई-पीक पाहणी, पीकविमा, केवायसी आणि कुणाच्या तरी मेव्हण्याचा बायोडाटा हे सगळं त्याच्याच टेबलावर येतं. “तुझं तर बसूनच काम आहे ना?”

रात्री त्याचा हुद्दा वाढतो. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं रात्रीची येते, तेव्हा वस्तीवर जागा असा हा एकटाच. “दादा, लाईट आली की मिस कॉल मार.” हा कॅमेरा बंद करतो. टीमला वाटतं नेटवर्क गेलं. साहेब इकडे आळीभर पाणी धरणाऱ्यांना उठवत असतात. बिबट्याची खबरही त्याच्याकडूनच. विद्या अत्रेय यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात उसातल्या बिबट्यांचा अभ्यास केला, त्याचं जगभर कौतुक झालं. आमच्या वस्तीचं हे खातं याच्या गच्चीवरून चालतं. एकदा कुत्री फारच भुंकायला लागली म्हणून यानं मीटिंगमध्ये खरं कारण सांगितलं. मॅनेजरनं हसरा चेहरा पाठवला.

लग्नाचं मात्र अडलंय. मुलीकडचे विचारतात, ऑफिस कुठंय? वरच्या मजल्यावर. मुलगी शेतकऱ्याची, बारा एकर बागायतीतली, पण तिची अट एकच: पुण्यात फ्लॅट हवा. ज्या शहरातून भाडं वाचवायला पळाला, तिथंच आता कर्ज काढून घर घ्यायचं. वाकडला वन बीएचके बघून ठेवलाय. लग्न जमेपर्यंत भाडेकरू ठेवणार, आणि तो भाडेकरूसुद्धा घरूनच काम करणारा निघेल.

मला हा माणूस आवडतो. पुण्यात त्याच्या मजल्यावर त्याला कुणी ओळखत नव्हतं, इथे तो गेला तर अर्ध्या गावाची पाण्याची पाळी चुकेल. तेव्हा एवढीच विनंती: तुमच्या आळीत असा कुणी असेल तर पीकविम्याचे कागद घेऊन रात्री दहाला जाऊ नका. सकाळी अकराला जा. तेव्हा तो चहा घेत बसलेला असतो, आणि बॉस झोपलेला.