रुमालातला इनबॉक्स

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आमच्या जिल्ह्यात तालुके ९, म्हणजे मासिक अहवालही ९. प्रत्येक तालुका सही-शिक्क्याचं पत्र रंगीत स्कॅन करून पाठवतो. तासाभराने 'सुधारित' म्हणून पुन्हा पाठवतो. मग 'आधीचा मेल विचारात घेऊ नये' असं कळवताना तीच फाईल तिसऱ्यांदा जोडतो. त्यात मेलमधून जाताना फाईलचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं आणि ती सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. ३ एमबीचं पत्र ४ एमबीचं होऊन उतरतं. प्रवासात वजन वाढणारं टपाल हे पहिलंच!

मग सर्व्हरचा निरोप येतो: जागा भरत आली. तोही त्याच इनबॉक्समध्ये.

कागदाचं बरं होतं. सरकारी दप्तराच्या सहा गठ्ठे पद्धतीत पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षाचा, सहावा नष्ट करायच्या कागदांचा. रुमालात बांधलं की सुटलो. इथे पुसलेला मेल कचरापेटीत जातो आणि कचरापेटीही बहुधा त्याच कोट्यात मोजतात. अंगणातला केर लोटून माजघरात नेण्यासारखीच गत.

आमच्या भाऊसाहेबांनी जागा वाचवायला महत्त्वाचे मेल स्वतःलाच फॉरवर्ड केले, जोडपत्रांसह. दुपारपर्यंत इनबॉक्स बंद पडला. अखेर सगळ्या मेलच्या प्रिंट काढून लाल रुमालात बांधल्या, वर चिठ्ठी लावली: 'इनबॉक्स, जानेवारी ते मार्च'.

परवा वरिष्ठांनी त्यातलं एक पत्र मागवलं. स्कॅन करून, मेलने, रंगीत.