चालतंय ना अजून!

लिनक्स सुरू होताना सगळी जुळवाजुळव करणाऱ्या सिस्टमडीने २०१४ साली, २१७व्या आवृत्तीत, 'रीडअहेड'ला नारळ दिला. त्याचं काम घरच्या जुन्या गड्यासारखं: संगणक उठताना कोणत्या फायली मागतो ते टिपून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी मागायच्या आत मेमरीत आणून ठेवायच्या. फिरत्या हार्डडिस्कच्या हेडची पायपीट तेवढीच वाचायची. एसएसडीत हेडच नाही, म्हणून गरज संपली. (कोणाची, ते विचारू नये.)

पण काही हट्टी मंडळी तो जुना कोड नव्या प्रणालीला ठिगळासारखा शिवत बसतात. दहा सेकंद वाचवायला तीन रविवार खर्ची. एसएसडी घ्या म्हटलं, तर दुखावून म्हणतात, "अहो, डिस्क चांगली चालतेय की!"